खापर कुणी फोडायचे?

महेश मांजरेकरांच्या सूत्रसंचालनाखाली २०१८ साली मराठी ‘बिग बॉस’ सुरू झाले, तेव्हापासून तो कार्यक्रम लागला की आमच्या घरी रात्रीच्या जेवणाबरोबर एक वाद वाढला जातो. ‘‘बाबा, घरातल्यांनी संगनमताने तिचं नाव घेतलं,’’ असे मुलगी म्हणते. ‘‘मग बाहेरच्या लोकांनी तरी तिला कुठे वाचवलं?’’ असे सौ. विचारते. मी पडलो इतिहासाचा मास्तर. करमणुकीत मला फारशी गती नाही. पण हा प्रश्न निव्वळ करमणुकीचा नव्हे. माणूस ठेवायचा की घालवायचा, हे त्याच्यासोबत राहणाऱ्यांनी ठरवावे की लांबून पाहणाऱ्यांनी?

अमेरिकेत २००० साली या दोन्ही रीती शेजारी शेजारी पाहायला मिळाल्या. ‘सर्व्हायव्हर’मध्ये बोर्निओजवळच्या बेटावर सोळा जणांना ३९ दिवस ठेवले होते. काढायचे कुणाला, हे त्यांनीच आपसांत मत देऊन ठरवायचे. रिचर्ड हॅचने चौघांचा गट बांधला आणि अखेरीस तेच चौघे उरले. शेवटी बाद झालेल्या सात जणांच्या मतदानात हॅच चार विरुद्ध तीन असा जिंकला. दुसरा खेळ ‘बिग ब्रदर’. हॉलंडमध्ये १९९९ साली निघालेल्या या खेळाच्या पहिल्या अमेरिकी पर्वात नावे घरातल्यांनी सुचवायची आणि निकाल प्रेक्षकांनी फोनवरून द्यायचा, असा नियम होता. प्रेक्षकांनी भांडखोर, बोलके स्पर्धक आधी घालवले आणि मग घर थंड पडले! २००१ च्या पर्वात निकालाचा अधिकार स्पर्धकांकडेच देण्यात आला.

वाचकांना हे नवे वाटेल. पण अथेन्सने हे अडीच हजार वर्षांपूर्वी अनुभवले होते. तिथे वर्षातून एकदा लोकसभेला विचारले जाई, की यंदा कुणाला हद्दपार करायचे आहे काय? होकार आला, की पुढे ठरल्या दिवशी नागरिक मडक्याच्या खापरावर नाव कोरून आणत. किमान सहा हजार खापरे जमली पाहिजेत, असा दंडक होता. ज्याच्या नावाची खापरे जास्त, त्याने दहा वर्षे नगराबाहेर राहायचे. आपण मराठीत कुणाच्या तरी माथी खापर फोडतो. अथेन्सवासी ते अक्षरशः करीत.

त्यातही दोन्ही दोष दिसले. ॲरिस्टायडीसची गोष्ट प्लुटार्कने सांगितली आहे. एका निरक्षर खेडुताने त्यालाच न ओळखता विनवले, ‘माझ्या खापरावर ॲरिस्टायडीस लिही.’ कारण काय? तर ‘न्यायी, न्यायी’ ऐकून त्याला कंटाळा आला होता. हा लांबून पाहणाऱ्याचा दोष. पुढे, इ.स.पूर्व ४१६ च्या सुमारास, निकियास किंवा अल्किबियाडीस यांपैकी एक जाणार असा रंग होता. दोघांनी आपले गट गुपचूप एक केले आणि तिसराच, हायपरबोलस, हद्दपार झाला. हा स्पर्धकांचा दोष. त्यानंतर अथेन्सने ही प्रथा पुन्हा वापरली नाही. ॲक्रोपोलिसच्या उत्तर उतारावरील एका विहिरीत थेमिस्टोक्लीसच्या नावाची सुमारे १९० खापरे सापडली, तीही मोजक्याच हातांनी लिहिलेली. घाऊक मते तेव्हाही तयार होत होती!

तरीही लोकांचे मत केवळ लहरी असते, असे मला म्हणवत नाही. ‘इंडियन आयडॉल’मध्ये २००७ साली कोलकाता पोलिसांतला शिपाई प्रशांत तमांग जिंकला. त्याच्यासाठी दार्जिलिंगच्या डोंगरात वर्गण्या काढून एसेमेस पाठवले गेले. तिथल्या गोरखा माणसाला त्या मतात आपल्या भाषेची, आपल्या ओळखीची दखल हवी होती. त्या लाटेवर बिमल गुरुंग पुढे आले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात गोरखा जनमुक्ती मोर्चा स्थापन झाला. आम्हा सीमाभागातल्या माणसांना हे उलगडून सांगावे लागत नाही. पण गाण्याचे मोल मात्र त्या मतांत कुठे होते, हा प्रश्न उरतोच.

आता माझी कबुली. आमच्या शाळेत विद्यार्थी प्रतिनिधीची निवड पूर्वी फक्त वर्गप्रमुख करीत. एक मुलगी उशिरा येणाऱ्यांची नावे चोख लिहून देई, अगदी वर्गप्रमुखांचीसुद्धा. त्यांनी एकी करून तिला पाडले. ‘‘सर, माझं काय चुकलं?’’ तिने विचारले. मी ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणून वेळ मारून नेली. पुढच्या वर्षी साऱ्या शाळेला मत दिले, तर पाचवी-सहावीच्या पोरांनी षटकार मारणारा गडी निवडला. ती दुसऱ्यांदा पडली आणि दहावी होऊन गेली.

हल्ली वर्गप्रमुख तीन नावे देतात आणि त्यांतून एक सगळी शाळा निवडते. सोबत राहणाऱ्यांना माणसाचे गुण कळतात, पण त्यांना भीतीही असते. लांबच्यांना भीती नसते, पण कळत थोडेच. म्हणून दोघांनाही थोडे थोडे विचारायचे. ही रीतही निर्दोष नाही. कारण नावे लिहून देणारी मुलगी त्या तिघांत येईलच, याची हमी मला आजही देता येत नाही. म्हणून गेल्या वर्षापासून चौथे नाव मी घालतो.