रेडिओ कॉलर (पवनी–कऱ्हांडला)

वन्यप्राण्याचा ठावठिकाणा बिनतारी संदेशांद्वारे कळवणारा गळपट्टा. भंडारा जिल्ह्यातील पवनी तालुका आणि लगतचा नागपूर जिल्हा यांत पसरलेल्या उमरेड–पवनी–कऱ्हांडला अभयारण्यात त्याच्या मर्यादा ठळकपणे दिसल्या.

पट्ट्यातील जीपीएस यंत्रणा स्थान ठरवते व ते उपग्रहामार्गे संशोधकाच्या ईमेलवर पोहोचते. जोडीला व्हीएचएफ प्रेषक ठरावीक अंतराने संकेत सोडतो. दिशादर्शी अँटेना फिरवत पथक त्याचा माग काढते, पण दाट झाडीत आणि टेकड्यांआड तो क्षीण होतो. स्थान वारंवार कळवले तर बॅटरी लवकर संपते, विरळ कळवले तर प्राणी हातचा निसटतो. या तंत्रातला खरा पेच हाच.

नागझिऱ्याहून २०१३ मध्ये येथे आलेल्या ‘जय’ या प्रसिद्ध वाघाला भारतीय वन्यजीव संस्थेच्या संशोधकांनी कॉलर लावली होती. एप्रिल २०१६ मध्ये तिचे संकेत थांबले. मोठी शोधमोहीम झाली, तरी जय सापडला नाही. ही हानी विदर्भाला फार लागली. उपग्रह आणि व्हीएचएफ हे दोन्ही मार्ग एकाच पट्ट्यावर असल्याने पट्टा निकामी झाला की दोन्ही एकदम मुके होतात. म्हणून कॅमेरा ट्रॅप व पायी गस्त अपरिहार्य ठरतात.

धोका माहितीच्या चोरीचाही असतो. मध्य प्रदेशातील एका वाघाच्या कॉलरची माहिती येणाऱ्या ईमेल खात्यात शिरण्याचा प्रयत्न २०१३ मध्ये पुण्याहून झाला, तो फसला. वाघाची ताजी जागा शिकाऱ्याला कळू नये, यासाठी खात्याचा प्रवेश मोजक्या अधिकृत व्यक्तींपुरता राखणे आवश्यक असते.