गडकरी रंगायतनचा स्फोट आणि अभयाचा अर्थ

आज आपण वर्तकनगरात बसलो आहोत. इथून तलावपाळी किती लांब? रिक्षानं पंधरावीस मिनिटं. 4 जून 2008 रोजी तिथल्या गडकरी रंगायतनच्या वाहनतळात बॉम्ब फुटला आणि सात माणसं जखमी झाली. नाटक होतं 'आम्ही पाचपुते', महाभारतातल्या पात्रांवर बेतलेलं विनोदी. देवादिकांची टिंगल होते, हा आक्षेप. त्याआधी चारच दिवस, 31 मे रोजी, वाशीच्या विष्णुदास भावे नाट्यगृहातही बॉम्ब ठेवला होता. 2011 साली सत्र न्यायालयानं दोघांना दहा वर्षांची शिक्षा दिली, चौघांना सोडलं.

ही घटना आपण ठाणेकर जवळजवळ विसरलो. कोणी दगावलं नाही म्हणून असेल. पण आम्हाला ती महत्त्वाची वाटते.

का ते सांगतो. 11 जुलै 2006 ला पश्चिम रेल्वेच्या लोकलमध्ये अकरा मिनिटांत सात स्फोट झाले, जवळपास 190 माणसं गेली. दुसऱ्या दिवशी गाड्या भरून धावल्या आणि वर्तमानपत्रांनी मुंबईकरांच्या जिद्दीचं कौतुक केलं. आम्हाला ते कौतुक तेव्हाही खटकलं होतं. अहो, डोंबिवलीचा माणूस दुसऱ्या दिवशी गाडी पकडतो, कारण खाडा झाला तर पगार कापला जातो! त्याला धैर्य म्हणायचं की नाइलाज? नाटकाचं तसं नाही. नाटक पाहिलं नाही म्हणून कोणाची चूल विझत नाही. तरीही जो तिकीट काढून त्याच सभागृहात परत जाऊन बसतो, त्यानं काहीतरी ठरवलेलं असतं. रंगायतनात पुढेही नाटकं होत राहिली, ती अशा प्रेक्षकांच्या बळावर.

गीतेच्या सोळाव्या अध्यायात दैवी संपत्तीची यादी आहे, तिच्यात पहिलं नाव अभयाचं. अहिंसा, सत्य हे नंतर. स्पिनोझा म्हणतो की भीती आणि आशा एकमेकींना सोडून राहत नाहीत; दोन्ही अनिश्चिततेतूनच येतात. म्हणजे भीती वाटणारच. प्रश्न तिच्या सांगण्यावरून वागायचं का, एवढाच. आणि ती नेहमी प्रेक्षकालाच गाठते असं नाही. लेखक एखादा प्रवेश आधीच गाळतो, निर्माता विषय ऐकूनच मान हलवतो. या नुकसानीचा पंचनामा कोण करणार?

20 ऑगस्ट 2013 ला पुण्यात महर्षी विठ्ठल रामजी शिंदे पुलावर डॉ. नरेंद्र दाभोलकरांना गोळ्या घातल्या. ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी त्यांनी वर्षानुवर्षं खेटे घातले, त्याचा वटहुकूम आठवड्याच्या आत निघाला. डिसेंबरात कायदा झाला. पण आमच्या दृष्टीनं त्याहून मोठं काम कार्यकर्त्यांनी केलं. दर महिन्याच्या 20 तारखेला ते सकाळी त्याच पुलावर जमत राहिले. वर्षामागून वर्षं. मे 2024 मध्ये निकाल लागला: दोघांना जन्मठेप, तिघे निर्दोष. सूत्रधार मात्र वेगळाच असल्याचं न्यायालयानंच म्हटलं, आणि तो कोण हे अजून सिद्ध झालेलं नाही.