बदाम, डालडा, चिंचोका

आमच्या टीममधली अर्धी माणसं फ्रान्समध्ये बसतात. दर वर्षी जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात त्यांच्यातला कुणी ना कुणी डोक्यावर सोनेरी कागदाचा मुकुट घालून कॉलवर येतो आणि त्याच गंभीर चेहऱ्यानं बग वाचून दाखवतो. मुकुटाचं कारण म्हणजे 'गालेत दे र्‍वा', राजांची गालेत. ६ जानेवारीला, बाळ येशूला भेटायला तीन राजे आले त्या सणाला, पॅरिस आणि उत्तर फ्रान्समध्ये ती खातात. खारीसारख्या पापुद्र्यांच्या दोन चकत्या आणि मध्ये बदामाचं सारण. सारणात एक दाणा लपवलेला असतो. तो ज्याच्या तुकड्यात येईल तो त्या दिवसाचा राजा.

यंदा ६ जानेवारीला मी तीर्थपुरीला घरी होतो आणि गालेत करायची असं ठरवलं. फ्रेंच पाककृतीतलं साहित्य पाव किलो बदाम, त्याहून जास्त लोणी आणि अंडी असं होतं. घरात अंडं चालत नाही, लोणी म्हणजे आईनं साय साठवून काढलेला गोळा, आणि वाण्याकडे बदामाचा भाव शेंगदाण्याच्या पाच-सहा पट. म्हणजे प्रत्येक जिन्नसाला पर्याय शोधणं आलं. ते शोधताना कळत गेलं की यातला प्रत्येक पर्याय आधीच कुणीतरी, कुठल्यातरी नडीपोटी शोधून ठेवलेला आहे.

सुरुवात बदामापासून. मराठवाड्यातल्या पोराला 'बदाम' म्हटलं की आधी आठवतो तो शाळेच्या आवारातला रुंद पानांचा देशी बदाम. दगडानं त्याची कोय फोडायची आणि आतली नखाएवढी बी खायची. त्याचं खऱ्या बदामाशी काही नातं नाही. खरा बदाम इराण-अफगाणिस्तानकडून यायचा आणि तो खाण्याआधी मोजण्याची वस्तू होता, हे अक्षरशः खरं आहे. सतराव्या शतकात हिंदुस्थानात फिरलेला फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निए लिहितो की गुजरातेत सुटे पैसे म्हणून कडू बदाम चालत. ते इराणच्या लार प्रांतातून येत, आणि एका पैशाला पस्तीस-चाळीस बदाम असा भाव असे. कडू असल्यामुळे पोरं चलन खाऊन टाकतील ही भीती नव्हती, हेही तो नोंदवतो. मला हा तपशील फार आवडतो. चलन सुरक्षित ठेवण्याचा इतका साधा उपाय नंतर कुणाला सुचल्याचं ऐकलेलं नाही.

आमचा भाग १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात. त्या राज्याच्या राजधानीत बदामाची मिठाई होती: 'बदाम की जाली', म्हणजे बदाम-साखरेच्या लगद्याच्या नक्षीदार चकत्या, वर चांदीचा वर्ख. तिचीच बहीण 'अशर्फी', मोहरेच्या आकाराची. पश्चिमेला ज्याचे सुटे पैसे होत होते, त्याच बदामाची दख्खनेत खायची मोहर झाली. दोन्ही गोष्टी तीर्थपुरीपर्यंत पोचल्या असतील असं मला वाटत नाही. आमच्या आजीच्या आठवणीत बदाम म्हणजे बाळंतिणीला मोजून दिलेले चार.

बदामाशिवाय बदामाचं काही करायचं, हा प्रश्न आपल्याकडे सगळ्यात नीट सोडवला तो गोव्यानं. बदाम आणि साखर वाटून केलेलं मार्झिपान पोर्तुगीजांबरोबर आलं. बदाम इथे पिकत नव्हता. पण पोर्तुगीजांनीच सोळाव्या शतकात ब्राझीलहून आणलेला काजू कोकणच्या लाल मातीत असा रुजला की परसातला झाला. मग गोव्यातल्या बायकांनी नाताळच्या 'कुसवारा'त काजू, साखर आणि गुलाबपाणी घालून मार्झिपान केलं, ते साच्यात घालून फुलं-मासे काढले, आणि आज तेच पारंपरिक म्हणवतं. कुणी त्याला नकली म्हणत नाही. म्हणू नयेच. त्याच गोव्यात ६ जानेवारीला रेइस मागोश, चांदोर आणि कासावलीला तीन मुलगे राजे होऊन मिरवतात. कासावलीला ते शेजारच्या तीन गावांतून एकेक येतात आणि टेकडीवरच्या कपेलात भेटतात. तिथेही एका दिवसापुरतंच राजेपण.

पण तीर्थपुरीच्या परसात काजू नाही. वाण्याकडचा काजू बदामाच्याच भावात बसतो. आधी शेंगदाण्याचं कूट घालून पाहिलं. शेंगदाणाही दक्षिण अमेरिकेचाच, पण त्याचा स्वभाव वेगळा. दुसऱ्या कशाची चव तो टिकू देत नाही, सगळ्याची चिक्की करून टाकतो. मग आजीनं मगजाचा डबा काढला. उन्हाळ्यात गोदावरीच्या पात्रातली टरबुजं-खरबुजं येतात, त्यांच्या बिया धुऊन वाळवून सोललेल्या. हलवायांना ही युक्ती कधीपासून ठाऊक आहे. महागड्या बदामाचा दाटपणा ते मगजानं भरून काढतात. दोन वाट्या मगज, एक वाटी बदाम, आणि वासाला बदाम इसेन्सचे चार थेंब. बदामाचा म्हणून आपण जो वास ओळखतो तो मुळात कडू बदामातल्या बेंझाल्डिहाइडचा, म्हणजे ताव्हेर्निएच्या चिल्लरचा. गोड बदामाला तो जवळपास नसतोच.

या सारणाला फ्रेंच लोक 'फ्रांजिपान' म्हणतात. हे नाव फ्रांजिपानी या रोमन सरदार घराण्याचं. या घराण्यातल्या कुणी हातमोज्यांसाठी सुगंध तयार केला आणि तो लोकप्रिय झाला अशी कथा आहे. सतराव्या शतकाच्या मध्यात हे नाव फ्रेंच पाकपुस्तकांत पोचलं. त्याच सुगंधावरून युरोपियनांनी आपल्या देवळापुढच्या खुरचाफ्यालाही फ्रांजिपानी म्हटलं, आणि तो चाफा तरी कुठे आपला, मध्य अमेरिकेतून आलेला. असो. मुद्दा असा की फ्रांजिपान म्हणजे शुद्ध बदामाचं सारण नव्हेच. दोन भाग बदामाचं क्रीम आणि एक भाग दुधाचं कस्टर्ड. म्हणजे मूळ पाककृतीतच बदाम पुरवून वापरलेला आहे.

कस्टर्डला अंडं लागतं, ही अडचण बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्डनं १८३७ मध्ये सोडवली. त्याच्या बायकोला अंडी सोसत नव्हती म्हणून त्यानं कॉर्नफ्लॉवरची कस्टर्ड पावडर काढली. पुण्यात १९५६ साली सुरू झालेल्या वीकफिल्डचा तसला डबा आमच्या वाण्याकडे शेवयांच्या पाकिटांशेजारी असतो. एका बाईच्या पथ्यामुळे एक फ्रेंच सारण घनसावंगी तालुक्यात शाकाहारी होऊ शकलं.

आता लोणी. पापुद्रे होतात ते कणकेत लोण्याचा थर गुंडाळून, लाटून, तिहेरी घडी घालून. सहा वेळा घडी घातली की लोण्याचे ७२९ थर होतात. हा हिशोब करताना मला झालेला आनंद घरात कुणाला कळला नाही. आपली टपरीवरची खारी याच रीतीनं होते, फक्त लोण्याऐवजी वनस्पती तूप. मला ही तडजोड वाटत होती, जोवर तिचा इतिहास वाचला नव्हता. नेपोलियन तिसऱ्यानं सैन्यासाठी आणि गोरगरिबांसाठी स्वस्त लोणी शोधणाऱ्याला बक्षीस लावलं, आणि इपोलित मेज-मुरिए या रसायनज्ञानं १८६९ मध्ये गाईच्या चरबीपासून मार्गारिन केलं. पुढे पॉल साबातिए या दुसऱ्या फ्रेंचानं निकेलच्या साहाय्यानं हायड्रोजन जोडण्याची रीत दाखवली (१९१२ चं नोबेल त्याला त्यासाठीच मिळालं), आणि १९०२ मध्ये विल्हेल्म नॉर्मान या जर्मनानं ती रीत द्रव तेलाला लावून पेटंट घेतलं. तेल घट्ट होऊ लागलं. भारतात १९३७ मध्ये डालडा आला, पिवळ्या डब्यावर ताडाचं झाड घेऊन. म्हणजे गालेतमधलं लोणी काढून डालडा घातला, तरी फ्रान्स तिच्यातून निघून जात नाही. उलट सम्राटाच्या बक्षिसासकट आत येतो.

अर्थात डालडा निर्दोष नव्हे. गांधींचा त्याला विरोध होता, स्वातंत्र्यानंतर बंदीची मागणी झाली, आणि ट्रान्स फॅटचा धोका तर आता सर्वमान्य आहे. २०२२ पासून आपल्याकडे तेला-तुपातल्या ट्रान्स फॅटवर दोन टक्क्यांची मर्यादा आहे. पण डालड्याला नावं ठेवणाऱ्यांच्या घरी साजूक तूप होतं, हेही लक्षात ठेवावं लागतं. मी निम्मं लोणी आणि निम्मा डालडा घेतला.

राहिली भट्टी. कुकरमध्ये मीठ घालून केक होतो, पापुद्रे फुलत नाहीत. पहिला प्रयोग पुरणपोळीसारखा निघाला. मग दिवाळीत बायका नानकटाईचं पीठ घेऊन जातात तसा मी ताट घेऊन गावातल्या बेकरीत गेलो आणि भाजणावळ दिली. फ्रान्सच्या खेड्यांतही घरोघरी भट्टी नव्हती. सरंजामदाराची एक भट्टी असे, तिथेच पाव भाजायचा आणि त्याचा कर द्यायचा ही सक्ती होती. क्रांतीत १७८९ ते १७९३ दरम्यान हा हक्क गेला. त्याच धामधुमीत राजांच्या गालेतचं नावही अडचणीचं झालं आणि काहींनी तिला 'समतेचा केक' म्हणायला सुरुवात केली. आजही राष्ट्राध्यक्षांच्या एलिझे प्रासादात दर जानेवारीला अवाढव्य गालेत येते, पण तिच्यात दाणा नसतो. प्रजासत्ताकात राजा कसा निघणार?

हा दाणा मुळात वालवर्गातला, म्हणून त्याला 'फेव्ह' म्हणतात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्याच्या जागी चिनी मातीच्या बाहुल्या आल्या. रोमन लोक सॅटर्नेलियाच्या सणात चिठ्ठ्या टाकून राजा निवडत, आणि एकदा ती चिठ्ठी नीरोला निघाल्याचं टॅसिटस सांगतो. तिथपासून गालेतपर्यंत सरळ धागा ओढणारे लेख पुष्कळ आहेत. मला तो धागा जरा जास्तच सरळ वाटतो. मी चिंचोका घातला. भाजून तो आणखी टणक होतो हे माहीत होतं, म्हणून खाण्याआधी सगळ्यांना बजावलं.

रीत अशी की सगळ्यात लहान मुलानं टेबलाखाली बसायचं आणि कुठला तुकडा कुणाला ते सांगायचं. म्हणजे वाटणाऱ्याला लबाडी करता येत नाही. आमच्याकडे टेबल नाही. पुतणी खाटेखाली गेली आणि तिथून ओरडली, "आजीला! बाबाला! मला दोन!" एक तुकडा जास्तीचा काढायचा असतो, त्याला 'गरिबाचा वाटा' म्हणतात. दाराशी पहिला येईल त्याचा तो. तो डब्यात झाकून ठेवला.

सगळ्यांनी जपून चावलं. आजीनं तर तुकडा बोटांनी कुस्करून पाहिला आणि "पुरण बरं झालंय" एवढंच म्हणाली. चिंचोका कुणालाच सापडला नाही. पुतणीनं गिळला असं ठरवून तिच्यावर रात्रभर लक्ष ठेवण्यात आलं.

सकाळपर्यंत दाराशी कुणी आलं नव्हतं. ताट परत द्यायला बेकरीत गेलो तेव्हा तो डबाही सोबत नेला आणि भट्टीवरच्या काकांना दिला. त्यांनी उभ्या उभ्याच तुकडा तोंडात टाकला, थांबले, आणि दोन बोटांनी चिंचोका बाहेर काढून माझ्यापुढे धरला.

"दादा, चाळून घेत जा ना पीठ."