एकोणचाळीस मिनिटांचा इतिहास

सोनईत सूर्य माथ्यावर येतो, तेव्हा घड्याळात साधारण साडेबारा वाजलेले असतात. कारण भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची आहे. ती १ जानेवारी १९०६ रोजी लागू झाली. मुंबई महापालिकेने मात्र लोकविरोधामुळे ३९ मिनिटे मागे असलेली ‘मुंबई वेळ’ स्वातंत्र्यानंतरही काही काळ जपली.

आज संगणकाच्या कालकोशात भारतासाठी ‘एशिया/कोलकाता’ हा एकच विभाग आहे. मुंबई वेळेला त्यात जागा नाही. समजा, १९२० सालच्या जन्मनोंदीत मुंबई वेळेनुसार रात्रीचे ११.४० लिहिले आहेत. प्रमाणवेळेनुसार तेव्हा १२.१९ झालेले असतात, म्हणजे जन्मतारीखच बदलते. म्हणून जुनी नोंद संगणकात उतरवताना, ती कोणत्या घड्याळाची, हेही लिहून ठेवावे.