नेम आणि नळी

लखनौचे नाव निघाले की नवाबी अदब, ठुमरी आणि चिकनचे भरतकाम यांचेच स्मरण होते. बंदुकीचा विचार सहसा कोणाच्या मनात येत नाही. तथापि नेम अचूक व्हावा म्हणून माणसाने बंदुकीच्या नळीवर जे संस्कार केले, त्यांच्या इतिहासातील एक कठोर धडा याच शहरात गिरवला गेला.

नवाब आसफउद्दौला याने १७७५ साली आपली राजधानी फैजाबादहून लखनौस आणली. तेथील शस्त्रागाराची देखरेख क्लॉड मार्टिन या फ्रान्समधील ल्यों शहरी जन्मलेल्या सैनिकाकडे आली. त्याच्या हाताखाली लखनौचे कारागीर युरोपच्या तोडीची पिस्तुले आणि बंदुका घडवू लागले. १७८६ साली येथे ओतलेली 'लॉर्ड कॉर्नवॉलिस' नावाची तोफ मार्टिनच्या कॉन्स्टेन्शिया या प्रासादासमोर आहे. धातू ओतण्याची आणि नळी कोरण्याची विद्या या शहराला परकी नव्हती.

त्या काळच्या बंदुकीची नळी आतून गुळगुळीत असे. गोळी नळीपेक्षा किंचित लहान असल्याने ती बाहेर पडताना नळीच्या भिंतींवर आपटत जाई, आणि शेवटचा धक्का ज्या बाजूला बसेल त्यावर तिची दिशा ठरे. शंभर यार्डांपलीकडे नेम धरणे म्हणजे बव्हंशी दैवावर हवाला ठेवणे होय. नळीत पिळाचे आटे पाडले म्हणजे गोळी स्वतःभोवती फिरत सरळ जाते, हे शिकाऱ्यांना पूर्वीच माहीत होते. परंतु घट्ट बसणारी गोळी गजाने ठोकून भरण्यास वेळ लागे, आणि रणांगणावर तेवढी उसंत कोठून मिळणार?

१८५३ च्या एन्फील्ड बंदुकीने ही अडचण दूर केली. तिच्या नळीचा व्यास ०.५७७ इंच होता आणि नळीत तीन आटे होते. लांबट गोळी कागदात गुंडाळून सहज आत सरके. बार उडताच तिचा पोकळ तळ फुगून आट्यांत बसे. नेमाच्या पट्टीवर शेकडो यार्डांच्या खुणा होत्या. मात्र कागदात गुंडाळलेली ती गोळी सहज सरकावी म्हणून त्या कागदाला चरबी लावणे आवश्यक ठरले, आणि काडतूस दातांनी फोडण्याची रीत होती. नळीचा विचार ज्यांनी इतक्या बारकाईने केला, त्यांनी शिपायाच्या धर्माचा विचार केला नाही.

१८५६ साली अवधचे राज्य खालसा झाल्याने लखनौ आधीच धुमसत होते. मे १८५७ च्या आरंभी तेथील सातव्या अवध पलटणीने काडतुसे घेण्याचे नाकारले. ती नेहमीचीच आहेत, असे अधिकाऱ्यांनी सांगून पाहिले; पण विश्वास उडाला म्हणजे जुनी वस्तूही नवी आणि घातकी भासू लागते. ३० मे रोजी लखनौच्या छावणीत उठाव झाला, आणि ३० जूनच्या चिनहटच्या लढाईनंतर रेसिडेन्सीला वेढा पडला.

येथे इतिहासाची क्रूर थट्टा दिसते. उठाव करणाऱ्या शिपायांच्या हाती बहुतेक जुन्याच गुळगुळीत बंदुका होत्या. त्यांनी नाकारलेली एन्फील्ड हॅवलॉकच्या गोऱ्या सैनिकांच्या खांद्यावरून आली. १२ जुलै रोजी फत्तेपूर येथे तिच्या दूरच्या माऱ्यापुढे नानासाहेब पेशव्यांच्या फौजेला टिकाव धरता आला नाही, आणि तेच सैन्य पुढे २५ सप्टेंबर रोजी लखनौच्या रेसिडेन्सीत शिरले.

तथापि नेम केवळ नळीवर अवलंबून नसतो. रेसिडेन्सीसमोरच्या एका घरातून नवाबाच्या पदरी असलेला एक आफ्रिकी नेमबाज आतल्या इंग्रजांना इतका छळी, की सुरुंग लावून २१ ऑगस्टला ते घरच उडवून देण्यात आले. १६ नोव्हेंबरला सिकंदरबागेत झाडावरून गोळ्या झाडणारी ऊदादेवी लोकस्मृतीत आजही अमर आहे.

अचूकतेचा शोध त्यानंतरही थांबला नाही. बार उडताना नळी तंबोऱ्याच्या तारेप्रमाणे थरथरते, आणि गोळी सुटते त्या क्षणी तोंड कोठे आहे यावर नेम ठरतो, हे ध्यानात आले. म्हणून नळीच्या तोंडाशी मागेपुढे सरकणारे लहानसे वजन बसवितात. त्यामुळे ही थरथर गोळीच्या सुटण्याशी जुळविता येते. तोंडाजवळची छिद्रे वायू बाजूला सोडून खांद्यावरचा धक्का कमी करतात. १९९४ साली ब्राउनिंग कंपनीने या दोन्ही युक्त्या एकाच साधनात आणल्या.

अशा रीतीने केसाएवढी थरथरही आज मोजून आवरता येते. परंतु शस्त्र ज्याच्या हाती द्यावयाचे, त्याच्या मनाची थरथर मोजण्याचे साधन कोणत्याही कारखान्यात तयार होत नाही; ते राज्यकर्त्यालाच आपल्या जवळ बाळगावे लागते. रेसिडेन्सीच्या भग्न भिंतींवर गोळ्यांच्या खुणा अजून आहेत. त्यांतील कोणती गोळी नेमाने लागली आणि कोणती चुकून, हे आता त्या भिंतींनाही सांगता येणार नाही.