ड्रमसेट : हातापायांच्या ताब्याचा रियाज
ड्रमसेट वाजवताना दोन्ही हात व दोन्ही पाय एकाच लयीत, पण एकमेकांपासून स्वतंत्र चालावेत यासाठी केला जाणारा सराव. उजवा पाय सहसा बास ड्रमच्या पेडलवर, डावा हाय-हॅटच्या पेडलवर असतो.

सुरुवात हातांपासून होते. अमेरिकन वादक जॉर्ज लॉरेन्स स्टोन यांच्या ‘स्टिक कंट्रोल’ (१९३५) या पुस्तकात उजव्या-डाव्या आघातांचे क्रम असून प्रत्येक क्रम न थांबता २० वेळा वाजवायचा असतो. त्यांतला पॅराडिडल असा : उजवा-डावा-उजवा-उजवा, डावा-उजवा-डावा-डावा. तो नुसत्या पायांनी, किंवा उजव्याच्या जागी हात आणि डाव्याच्या जागी पाय घेऊन वाजवला, की कच्ची बाजू लगेच उघडी पडते. लय मेट्रोनोमवर संथच ठेवावी. वेगापेक्षा आघातांचा सारखेपणा कितीतरी अवघड आणि मोलाचा.

जाझसाठी जिम चेपिन यांचे १९४८ मधील पुस्तक आजही पायाभूत आहे. त्यात उजवा हात राइड झांजेवर ठेका अखंड धरतो, हाय-हॅट दुसऱ्या व चौथ्या मात्रेवर मिटते; या चौकटीत आधी एकटा डावा हात, मग त्याच्या जोडीला बास ड्रम वेगवेगळे बोल भरत जातात.