विमानाचं इंजिन हवेत बंद पडलं तर? पायलटची तयारी आधीच झालेली असते

मी सिंगल इंजिनचं विमान शिकतोय म्हटलं की मित्रांचा प्रश्न ठरलेला: "इंजिन बंद पडलं तर दगडासारखं खाली येणार का?" नाही येत. इंजिन गेलं तरी पंख असतातच ना! सेस्ना १७२ वारा नसताना दर १००० फूट उंचीमागे साधारण पावणेतीन किलोमीटर तरंगत जातं. जमिनीपासून ३००० फुटांवर असाल तर हातात चारेक मिनिटं असतात.

पण त्यासाठी वेग नेमका हवा. मी उडवतो त्या जुन्या, कार्बुरेटरवाल्या मॉडेलला ६५ नॉट, म्हणजे ताशी १२० किलोमीटर. हा आकडा पाठच पाहिजे. पहिल्यांदा सरांनी न सांगता थ्रॉटल मागे ओढला तेव्हा मी चेकलिस्ट शोधत बसलो आणि वेग ५५ वर आला. "आधी नाक खाली घे!" सर ओरडले. वेग अजून घटला असता तर पंखांची उचलच गेली असती, त्याला स्टॉल म्हणतात.

म्हणून क्रम पक्का: वेग, मग उतरायची जागा, मग इंजिन परत चालू करायचा प्रयत्न. त्यात टाकीचा नॉब 'दोन्ही'वर, कार्बुरेटर हीट चालू, मिक्स्चर रिच, मॅग्नेटो दोन्ही. कार्बुरेटरमध्ये बर्फ धरतो, तोही दमट हवेत, बाहेर वीस-बावीस डिग्री असताना! रेडिओवर 'मेडे' नंतर.

सगळ्यात वाईट वेळ टेकऑफनंतरची. ४०० फुटांवर इंजिन गेलं तर मागे वळून रनवे गाठायचा मोह होतो. त्या वळणात उंची भराभर जाते आणि स्टॉलचा धोका वाढतो. त्यामुळे समोर, थोडं डावी-उजवीकडे जे मिळेल तिथेच उतरायचं. हे मी रनवेवर उभा असतानाच मोठ्याने बोलतो, कारण हवेत विचार करायला वेळच नसतो. टाकीतलं इंधनही मीटरवर न सोडता पट्टी बुडवून बघतो.

फोरफ्लाइटसारखी अ‍ॅप्स नकाशावर 'इथपर्यंत तरंगत पोहोचाल' असं वर्तुळ दाखवतात. भारी आहे, पण तुमच्या विमानाचे आकडे त्यात आधी भरलेले असले तरच. शिवाय विजेच्या तारा त्यात दिसतीलच असं नाही. तारा वरूनही दिसत नाहीत, खांब दिसतात. खांबांची रांग दिसली की मध्ये तार आहेच असं धरायचं. आपल्याकडे उभ्या उसापेक्षा कापणी झालेलं शेत बरं. नांगरलेलं असेल तर सऱ्यांच्या दिशेने उतरायचं, आडवं नाही. वारा कुठून येतोय ते धुरावरून कळतं.

उतरणं नक्की झालं की इंधन आणि मास्टर स्विच बंद, पट्टे घट्ट. आणि टेकायच्या आधी दाराची कडी काढून ठेवायची, कारण सांगाडा वाकला तर दार आतून उघडत नाही.